‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ आलं म्हणजे सुटलो? हृदयाच्या रक्तचाचण्यांत या चुका टाळा

सकाळचे पावणेसात. लॅबचं शटर नुकतंच वर केलं होतं. उपाशीपोटी साखर तपासायला आलेले दोघे बाकावर बसले होते, तेवढ्यात एक मुलगा वडिलांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. वडिलांचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तळहात छातीवर. मुलगा म्हणाला, “दादा, ती अटॅकची टेस्ट करून द्या पटकन. निगेटिव्ह आली तर दवाखान्याचा खर्च कशाला?”

“काका, दुखायला लागून किती वेळ झाला?”

“अर्धा तास झाला असंल. पित्तच वाटतंय.”

मी सुई उचलली नाही. त्यांना रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी बाहेर आली आणि डॉक्टरांनी पुढचं बोलणंच थांबवलं, इतका स्पष्ट अटॅक होता. त्याच वेळी मी रक्त घेतलं असतं तर रिपोर्ट बहुतेक निगेटिव्ह आला असता, आणि तो कागद खिशात घालून काका घरी जाऊन झोपले असते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छातीत दुखतंय म्हणून आधी लॅब गाठायची.

‘अटॅकची टेस्ट’ म्हणजे ट्रोपोनिनची चाचणी. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. रक्तपुरवठा तुटून स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की ते हळूहळू रक्तात झिरपतं. साध्या चाचणीत ते दिसायला चार ते सहा तास लागू शकतात. ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ प्रकारची चाचणी ते बरंच आधी, एक ते तीन तासांत पकडते. म्हणून मोठ्या रुग्णालयात एक रक्त घेऊन मोकळं करत नाहीत. नव्या पद्धतीत एक, दोन किंवा तीन तासांनी आणि जुन्या पद्धतीत सहा तासांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा चढतोय का, उतरतोय का, की जागचा हलत नाही, हे त्यावरून कळतं. ईसीजी मात्र रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा असा नियम आहे. त्यात मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याची खूण दिसली तर रक्ताच्या रिपोर्टसाठी कुणी थांबतच नाही. तेव्हा १०८ ला फोन करा, नाहीतर ईसीजी निघेल अशी जवळची जागा गाठा. मोटारसायकलवर बसवून तर मुळीच आणू नका.

तालुक्याच्या गावात अजून कार्डावरची चाचणी चालते. गरोदरपणाच्या चाचणीसारखीच पट्टी, त्यावर रक्ताचे किंवा सीरमचे (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्याचे) थेंब, आणि साधारण पंधरा मिनिटांनी वाचायचं. ‘सी’ समोरची रेघ आली नाही तर कार्डच बाद. ‘टी’ समोरची रेघ पुसट आली तरी ती पॉझिटिव्हच. “एकदम बारीक आहे हो, नसल्यासारखीच,” असं म्हणणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर वाचलेल्या कार्डाला मात्र काही अर्थ नसतो. तासाभरानं उगवलेली रेघ धरायची नाही.

एककांचा घोळ वेगळाच. एका कागदावर ०.०१४ आणि दुसऱ्यावर १४ असतं, आणि घरात रडारड सुरू होते. ०.०१४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही एकच गोष्ट आहे. शिवाय ट्रोपोनिन-आय आणि ट्रोपोनिन-टी यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पुन्हा तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर.

निगेटिव्ह म्हणजे ब्लॉकेज नाही, असं नव्हे

‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये हल्ली ट्रोपोनिन घालतात. काहीही त्रास नसलेल्या माणसाला “ब्लॉकेज आहे का बघू” म्हणून ही चाचणी विकणं मला पटत नाही. ट्रोपोनिन स्नायूची इजा दाखवतं, नळीतला अडथळा दाखवत नाही. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, अशा माणसाची नळी सत्तर टक्के बुजलेली असली तरी ट्रोपोनिन नॉर्मल येऊ शकतं. बसल्या जागी दुखायला लागलं, वारंवार दुखायला लागलं, तर रक्त स्वच्छ असूनही धोका असतोच. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना तर छातीत दुखेलच असं नाही. धाप, जबड्यात कळ, पाठीत दुखणं, मळमळ, एवढंच असू शकतं.

उलटंही होतं. किडनी कमजोर असलेल्यांचं ट्रोपोनिन बरेचदा कायमच थोडं वर असतं. अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी, फार जलद ठोके, हृदयाच्या स्नायूला आलेली सूज यांतही ते वाढतं. डेंगीच्या दिवसांत तापाच्या रुग्णाचं वाढलेलं ट्रोपोनिन दिसतं ते कधीकधी या सुजेमुळे. अशा वेळी डॉक्टर दोन आकड्यांतला फरक बघतात, एकटा आकडा नाही.

अटॅक येऊन आठवडा झाला तरी ट्रोपोनिन वरच असू शकतं. ते उतरायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात पुन्हा दुखलं तर “ते जुनंच आहे” म्हणून घरी थांबू नका. सीके-एमबी हे हृदयाच्या स्नायूतून झिरपणारं दुसरं प्रथिन दोन-तीन दिवसांत खाली येतं, म्हणून काही ठिकाणी अशा वेळी ते अजूनही करतात.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. केस गळतात म्हणून मोठ्या डोसची बायोटिनची गोळी घेत असाल तर रक्त देताना सांगा. काही यंत्रांवर तिच्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेनं २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता.

धाप लागते, पाय सुजतात

इथे कामाची चाचणी म्हणजे बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हे रक्तात वाढतं. अचानक धाप लागून आलेल्या माणसाचं बीएनपी १०० पिकोग्रॅमच्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल, तर हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडण्याची, शक्यता बरीच मागे पडते. वर असेल तेव्हा मात्र वय बघावं लागतं. ऐंशीच्या आजोबांचा आणि चाळिशीच्या माणसाचा आकडा एकाच मापानं मोजायचा नाही. किडनीचा आजार आणि अनियमित ठोके यांनी तो वाढतो. स्थूल माणसात तो फसवा कमी येतो, आणि तिथेच “हृदय ठीक आहे, वजन कमी करा” म्हणून परत पाठवलं जातं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय तो विषय संपत नाही.

सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी चालू असेल तर बीएनपी त्या गोळीमुळेच वाढू शकतं. अशांनी एनटी-प्रोबीएनपी करून घ्यावं.

“रिपोर्ट नॉर्मल आहे, गोळी बंद केली”

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. दुसरी गोष्ट, कागदावर एलडीएलसमोर (वाईट कोलेस्टेरॉल) छापलेली १०० ची मर्यादा निरोगी माणसासाठी असते. अटॅक येऊन गेलेल्याचं किंवा स्टेंट बसवलेल्याचं एलडीएल ५५ च्या खाली हवं असं हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे ९० आलं आणि पुढे लाल खूण नसली तरी ते त्याच्यासाठी जास्तच.

बहुतेक रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, गणितानं काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४०० च्या वर गेलं की ते गणित चुकतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण आणि वर दोन पेग झाले असतील तर ते वर जाणारच. लॅबवाल्याला थेट मोजायला सांगा किंवा चार दिवसांनी या. घरात कुणाला पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण) आयुष्यात एकदा तपासून घ्या. ते आनुवंशिक असतं आणि खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही, त्यामुळे दरवर्षी त्यावर पैसे घालू नका.

मुलाचे गुडघे दुखतात, एएसओ वाढलंय

पालक हा रिपोर्ट घेऊन घाबरलेले येतात. एएसओ वाढलं याचा अर्थ मुलाला अलीकडे स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग, बहुधा घशाचा, होऊन गेला, एवढाच. शाळेतल्या कितीतरी धडधाकट मुलांत ते वाढलेलं सापडतं. या संसर्गानंतर हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा संधिवाताचा ताप (र्‍हुमॅटिक फीवर) आहे की नाही हे सांध्यांची सूज, हृदयाची तपासणी, इको, ईसीजी हे सगळं मिळून ठरतं. नुसत्या एका आकड्यावरून दर एकवीस दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं टोचून घेतलेली मुलं मी पाहिलीत. आणि ज्याच्या झडपेला खरंच इजा झालीय, त्याचं एएसओ खाली आलं म्हणून इंजेक्शन बंद करणं ही त्याहून मोठी चूक.

बाकीच्यांचं थोडक्यात. डी-डायमर गुठळीची शंका असताना करतात; कोविडनंतर लोक ती हार्टची टेस्ट म्हणून करून घेतात, ते चूक. एचएस-सीआरपी शरीरातली सूज दाखवतं, म्हणून ते सर्दी-तापात करू नका. १० च्या वर आलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. होमोसिस्टीन शाकाहारी माणसात बरेचदा बी-१२ च्या कमतरतेनं वाढतं, आधी तेच तपासा. ठोके अनियमित पडत असतील तर निदान ईसीजीनं होतं, रक्तातून थायरॉइड वगैरे बघतात.

डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुना ईसीजी पिशवीत असू द्या. छातीत दुखत असेल तर ती पिशवी शोधत बसू नका. किती वाजता दुखायला लागलं, तेवढं मात्र घड्याळ बघून सांगा. काकांच्या मुलाला ते सांगता आलं, आणि डॉक्टरांनी केसपेपरवर सगळ्यात आधी तेच लिहून घेतलं.