दगडी पाटू घडवताना

आधी दगड वाजवून बघायचा. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. हातोडीने हलकं ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे, सोडून द्यायचा. मी पहिला दगड रंगावर भाळून घेतला होता. चौथ्या दिवशी त्याचे दोन झाले.

पाटू म्हणजे न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांचं दीड वीत लांबीचं, चपटं, एका हाताने चालवायचं हत्यार. पोउनामूचा, म्हणजे हिरव्या जेड दगडाचा असेल तर मेरे, व्हेलच्या हाडाचा पाटू पाराओआ, काळ्या-करड्या दगडाचा पाटू ओनेवा. शिकणाऱ्याने ओनेवाच करावा. पोउनामूचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की टोले मारून तो नीट सुटत नाही, घासत बसावं लागतं. शिवाय तो महाग. आणि कुठूनही उचलून आणायचा दगड नव्हे: त्याची मालकी १९९७च्या कायद्याने न्गाइ ताहू जमातीकडे परत गेली. मी इथे ऑकलंडमध्ये बागेसाठी दगड विकणाऱ्याकडून ग्रेवॅकचा, म्हणजे कठीण करड्या वालुकाश्माचा चपटा गोटा आणला.

पुठ्ठ्यावर आकार काढून कापा. माझा पस्तीस सेंटीमीटर लांब, पात्याशी दहा रुंद, मुठीकडे निमुळता. तो दगडावर ठेवून खडूने रेघ मारा. आता दगड ओल्या वाळूच्या पोत्यावर ठेवा. खाली पोकळी राहिली की घाव तिथेच तडकतो.

पुढचं काम माझ्या ओळखीचं निघालं. लहानपणी आमच्या दारावर टाकी लावणारी बाई यायची. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ती टाकीने टकटक करत बारीक खड्डे पाडायची. इथेही तेच, फक्त लोखंडी टाकीऐवजी मुठीत मावणारा कठीण गोटा. जोर लावायचा नाही. सरळ, छोटे, सारखे टोले. दर टोल्याला चिमूटभर भुकटी निघते, तेवढीच हवी. टवका उडाला म्हणजे हात जड पडला. दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या, नाहीतर एकीकडे पोट सुटतं. मला यालाच पाच शनिवार लागले. दगड ओला ठेवा आणि मास्क लावा. ही धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही.

मग घासणं. वालुकाश्माची लादी, पाणी, थोडी वाळू. माओरीत अशा घासदगडाला होआंगा म्हणतात. पातं मध्ये जाड, कडेला पातळ. आडवं कापलं तर अख्खा मसूर कापल्यासारखं दिसावं. सरावाच्या पाटूची धार मात्र बोथटच ठेवा.

मुठीच्या टोकाजवळचं भोक ही खरी परीक्षा. जुने कारागीर दोरीने फिरणाऱ्या, दगडी टोकाच्या गिरमिटाने ते पाडत. त्या टोकाने भोक वर रुंद, आत अरुंद होतं, म्हणून अर्धं इकडून, अर्धं तिकडून. दोन्ही मिळून डमरूसारखं दिसतं. मी शहाणपणा केला: इलेक्ट्रिक ड्रिल, एकाच बाजूने आरपार. पलीकडून रुपयाएवढा टवका उडाला. आमचे शिक्षक, ज्यांना सगळे मातुआ म्हणतात (आपल्या काकांसारखं), काही बोलले नाहीत. त्यांनी पाटू उलटा धरून टवक्यावरून अंगठा फिरवला, बस्स.

दोरीसाठी हाराकेके हवं, घायपाताच्या पात्यांसारखी पण मऊ पानं असलेलं झुडूप. मधला कोंब म्हणजे बाळ, लगतची दोन पानं आईबाप. त्यांना हात लावायचा नाही. बाहेरची पानं तिरकी कापायची. शिंपल्याच्या कडेने वरचा हिरवा भाग खरवडला की रेशमासारखा वाख निघतो. तो उघड्या मांडीवर तळव्याने वळायचा. मला शिकवावं लागलं नाही. आजी अशाच वाती वळायची. मातुआंनी तेवढ्यावर टवका माफ केला असावा.

दोरी अंगठ्यात अडकवून हाताच्या पाठीवरून घ्यायची, की घामाने मूठ निसटत नाही. आणि हा गदेसारखा घुमवायचा नाही. कोपर अंगाजवळ ठेवून टोकाची कड पुढे खुपसायची. त्यासाठी तर ते टोक आधी घासून आणायचं असतं. दर्यावर्दी कॅप्टन कूकबरोबर इथे येऊन गेलेला इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७७२ मध्ये लंडनला पाटूच्या चाळीस पितळी प्रती ओतून घेतल्या, स्वतःचं कुलचिन्ह कोरून. ओतकामात आठवडे घासायची कटकट नाही.

एक सांगते: माओरी नक्षीची नक्कल करू नका. ती कुणाच्या तरी वंशाची असते. आणि घरी केलेला पाटू माओरी म्हणून विकूही नका.

माझा तयार झाला तेव्हा आईला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, ‘वरवंटा चपटा का गं केलास?’ ओट्यावर ठेव म्हणाली. पण जेवणाच्या जागी पाटू ठेवायचा नाही ही मातुआंची सक्त ताकीद आहे, त्यामुळे तो पुस्तकांच्या कपाटात आहे, टवक्याची बाजू भिंतीकडे करून.