इटलीतले नाताळचे केक: घेताना, खाताना आणि करताना या चुका टाळा

सिएना शहरात पहिल्यांदा पानफोर्ते, म्हणजे तिथला बदाम-मधाचा चपटा केक, घेतला तेव्हा त्याच्या बुडाला चिकटलेला पांढरा कागद मी नखाने खरवडत होते. दुकानातल्या बाईंनी हाताने थांबवलं आणि त्याच कागदाचा कोपरा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. तो कागद नव्हताच. ती ‘ओस्तिया’, पिठाची पापडीसारखी पातळ चकती. पानफोर्तेचं मिश्रण इतकं चिकट असतं की बुडाला ही चकती लागतेच. ती सोलू नका, तशीच खा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: सगळ्यांना एकच ‘इटालियन फ्रूटकेक’ समजणं. नाताळचा केक म्हटलं की आपल्याला रममध्ये मुरलेला काळपट प्लम केक आठवतो. तो मनात धरून मिलानचा पानेत्तोने खाल्लात तर ‘हा तर गोड पाव!’ असंच वाटेल. आणि तो पावच आहे. अंड्याचा बलक, भरपूर लोणी, मनुका, संत्र्याची आणि महाळुंगाची पाकवलेली साल घालून तो सावकाश आंबवतात. वेरोनाचा पांदोरो त्याच्याच शेजारी मांडलेला असतो, पण त्यात फळ मुळीच नसतं. जेनोवाच्या पांदोल्चेत बडीशेप येते, फेर्राराचा पांपेपातो चॉकलेटने मढवलेला असतो. प्रत्येक केक आपल्या गावाचा आहे, आणि शक्य असेल तर त्या गावातच घ्यावा.

घरात अंडं चालत नसेल तर पानेत्तोने आणि पांदोरो सोडून द्या. पानफोर्ते मात्र बिनदिक्कत बघा. पारंपरिक पद्धतीत त्यात अंडं नाही, लोणी नाही. बदाम, मध, साखर, पाकवलेली फळं, थोडं पीठ आणि मसाला. मसाला म्हणजे दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, धणे! आपल्याच डब्यातला. तरी वेष्टनावरची यादी वाचाच. मुलांसाठी घेत असाल तर पानफोर्ते मार्गेरिता घ्या. 1879 मध्ये राणी मार्गेरिताच्या सिएना भेटीनिमित्त केलेला हा सौम्य प्रकार. काळा पानफोर्ते मसाल्याला चांगलाच तिखट असतो.

पानेत्तोने घेताना लोक डबा बघतात, यादी बघत नाहीत. इटलीत 2005 पासून नियम आहे: पानेत्तोने हे नाव लावायचं तर किमान 16 टक्के लोणी आणि किमान 20 टक्के मनुका व पाकवलेली साल हवी. त्याहून कमी असेल तर ‘नाताळचा गोड पदार्थ’ अशा मोघम नावाने विकावा लागतो, डबा मात्र हुबेहूब तसाच. घाईत फसायला होतं. हाताने केलेला पानेत्तोने साधारण महिनाभरच टिकतो, म्हणून नोव्हेंबरात घेऊन नाताळापर्यंत ठेवू नका. मिलानमध्ये मार्केसी आणि कोवा ही एकोणिसाव्या शतकातली दुकानं आहेत. जेनोवात रोमानेन्गोकडे 1780 पासून फळं पाकवतात. तिथली साल एकदा चाखली की टुटीफ्रुटी तोंडात घ्यावीशी वाटत नाही. भारतात आणायचं असेल तर पानफोर्तेच आणा. चपटा, दणकट, बॅगेत दबत नाही. पानेत्तोनेचा चुरा होतो.

आणलेला पानेत्तोने फ्रिजमधून काढून थंडगार खाऊ नका. लोणी गोठलेलं असेल तर चव आणि वास दोन्ही झोपलेले असतात. इटलीत तो खाण्याआधी हीटरजवळ ठेवतात, आपल्याकडे उबदार खोली पुरते. दात्यांच्या लांब सुरीने वरून खाली फोडी कापा.

आता घरी करणाऱ्यांसाठी. पानेत्तोनेत मी स्वतः हरले आहे. भट्टीतून सुंदर फुगून आला, मी जाळीवर उभा ठेवला आणि पाच मिनिटांत मध्येच खचला. इतकं लोणी आणि बलक असलेला पाव गरम असताना स्वतःचा भार पेलत नाही. बुडाजवळून दोन सळया आरपार घालून तो रात्रभर उलटा टांगावा लागतो. त्याआधी आतलं तापमान 92 ते 94 अंश झालंय का बघा. साधा मैदाही दगा देतो. जास्त प्रथिनांचं, ब्रेडसाठीचं पीठ घ्या.

पानफोर्ते सोपा, पण सगळा खेळ पाकाचा. मध-साखरेचा पाक थंड पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. त्यापुढे गेला तर चिक्की होते, अलीकडे राहिला तर फोडी पडत नाहीत. बदाम कोमट करून घ्या. थंड बदाम पाकात टाकले की सगळं जागीच आळतं आणि पीठ मिसळत नाही. पाकवलेल्या सालीऐवजी टुटीफ्रुटी नको, ती कच्ची पपई आणि रंग. काळ्या पानफोर्तेत पाकवलेलं खरबूज असतं, त्याच्या जागी कोहळ्याचा पेठा छान बसतो. 150 अंशांवर अर्धा तास झाला की मध्यभागी मऊ असतानाच बाहेर काढा. घट्ट होण्याची वाट भट्टीत बघितलीत तर निवल्यावर सुरी चालणार नाही. पूर्ण गार झाला की वरून पिठीसाखर भुरभुरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी साखर पाझरलेली दिसेल.