सुट्टीत एकांकिका लिहायची असेल तर

पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये असते, म्हणजे संहिता मे-जूनमध्येच उभी राहायला हवी. नेमकी तेव्हाच इंटर्नशिप, क्लास आणि गावाकडची लग्नं अंगावर येतात. ‘मोकळा दिवस मिळाला की लिहू’ म्हणत बसलात, तर जून सरतो. त्यापेक्षा कामाचा तुकडा लहान करा: एका बैठकीत एकच प्रवेश, तोही नुसत्या संवादांचा. प्रकाश, संगीत, हालचाली नंतर. ऊन चढण्याआधीचा पाऊण तास त्यासाठी राखा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा. मे महिन्याच्या दुपारी डोकं चालत नाही. उठताना पुढच्या प्रवेशाची पहिली ओळ लिहून ठेवा. मग चार दिवस लग्नघरी गेले, तरी परतल्यावर कोऱ्या पानाशी झटावं लागत नाही. एसटीत काही सुचलं, तर टाइप करण्यापेक्षा मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. वाक्य तोंडात बसतं का, हेही लगेच कळतं. पहिला खर्डा झाला की दोन मित्रांना तो मोठ्याने वाचायला लावा. स्वतः वाचू नका, कारण लिहिणारा आपली अडखळणारी वाक्यं नकळत सावरून घेतो.