शेतातले औषध घरात नको : किडींच्या बंदोबस्तात होणाऱ्या चुका

विदर्भातल्या शेतकरी कुटुंबात घर, गोठा, धान्याची कोठी आणि कापसाची खोली बहुधा एकाच छपराखाली किंवा एकाच अंगणात असतात. शेतातली कीड घरात यायला त्यामुळे वेळ लागत नाही, आणि त्याहून काळजीची बाब अशी की शेतातले औषधही तितक्याच सहजपणे घरात येते. खाटेला ढेकूण लागले, जनावरांना गोचीड झाले किंवा चौकटीला उधई लागली, की कपाशीवर मारून उरलेल्या डब्याकडे हात जातो. कीड कोणती आहे आणि ती राहते कुठे, हे पाहण्याआधीच औषध मारले जाते. म्हणून कीड टिकून राहते आणि विष मात्र घरातल्या माणसांच्या अंगात जाते.

उधई आणि घुण यांची गल्लत

लाकूड पोखरलेले दिसले की उधई लागली, असे सरसकट धरले जाते. उधई जमिनीतून येते, उजेड टाळण्यासाठी भिंतीवर मातीच्या नळ्या बांधते आणि लाकडाच्या आत माती भरत जाते. घुण उडत येऊन थेट लाकडात किंवा बांबूत अंडी घालतो. त्याची बारीक गोल छिद्रे दिसतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. माती दिसली तर उधई आणि पीठ दिसले तर घुण, एवढी ओळख पक्की केली तरी बराच खर्च वाचतो, कारण घुणासाठी जमिनीत औषध सोडण्याचा काहीही उपयोग होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत छपराला बांबू अधिक वापरतात; तिथे ताजा तोडलेला बांबू तसाच चढवणे ही खरी चूक असते. ताज्या बांबूतील पिष्टावर घुण जगतो, त्यामुळे बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून, नंतर सावलीत वाळवून वापरावा.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात तेव्हाही अशीच घबराट होते. उधईच्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि कंबर जाड असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. उधईची पाखरे बाहेरून उजेडाकडे आली असतील तर काळजीचे कारण नाही, पण ती घराच्या भिंतीतून किंवा फरशीच्या फटीतून निघताना दिसली तर वारूळ घराखाली किंवा घराला लागून आहे असे समजावे.

उधईच्या नळ्या खरवडून त्यावर रॉकेल ओतणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. नळीतल्या कामकरी मरतात, राणी जमिनीत सुरक्षित राहते आणि काही दिवसांत दुसरीकडून नळी निघते. घराला आग लागण्याचा धोका वेगळाच. आधी नळीचा बोटभर तुकडा तोडून तीन-चार दिवस वाट पाहावी. तुटलेला भाग पुन्हा बांधला गेला तर उधई चालू आहे. सगळ्या नळ्या आधीच पुसून टाकल्या तर औषध सोडणाऱ्याला वाट सापडत नाही. इमारतीसाठीचे उधईचे औषध भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे छिद्रे पाडून आत सोडावे लागते, वरून शिंपडून भागत नाही; विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे काम जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये. औषधाइतकेच महत्त्वाचे म्हणजे भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि सरपण तिथून हलवणे, आणि लाकडी खांब मातीत न पुरता दगडाच्या किंवा सिमेंटच्या बैठकीवर उभे करणे.

कपाशीचे औषध खाटेवर आणि गोठ्यात

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे 20 शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. मोकळ्या शेतात, वाहत्या हवेत जे घडले, ते डोळ्यांसमोर असतानाही तीच औषधे बंद खोलीत, लेकरे झोपतात त्या गादीवर मारली जातात, हे थांबलेच पाहिजे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय लावावी : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. शेतीच्या औषधाचा रंग कोणताही असो, ते घरात वापरू नये. उरलेले औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे, आणि रिकामा डबा धुऊन पाण्याला किंवा तेलाला वापरणे, या दोन्ही चुका जीवघेण्या आहेत. बाहुल्या बारीक होणे, लाळ गळणे, फार घाम सुटणे, उलट्या होणे अशी लक्षणे दिसली तर कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, 108 क्रमांकावर गाडी बोलवावी आणि डब्यावरचे लेबल सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही.

ढेकूण गादीपेक्षा खाटेच्या सांध्यांत, दोरीच्या विणीत आणि भिंतीच्या भेगांत अधिक राहतात. खाट उन्हात टाकली तरी ते सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून वैशाखातले ऊनही अर्धवट काम करते. सांध्यांत उकळते पाणी ओतावे, अंथरूण काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दिवसभर उन्हात ठेवावे आणि दर तीन-चार तासांनी उलटावे. अंडी नंतर फुटतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी हे सगळे पुन्हा करावे लागते. तेवढे दुसऱ्यांदा केले जात नाही, म्हणूनच बहुतेक घरांत ढेकूण परततात.

गोचिडाचेही तसेच आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते, आणि आपण औषध मात्र फक्त जनावराला लावतो. भेगा लिंपून घ्याव्यात आणि गोठा व जनावर दोन्हींसाठी पशुवैद्यकाने सांगितलेलेच औषध, सांगितलेल्या अंतराने पुन्हा वापरावे.

घरात साठवलेल्या कापसाबद्दल थोडे. त्यातून गुलाबी बोंडअळीचे पतंग आणि लाल ढेकण्या निघतात, आणि अळ्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांमुळे अंगाला खाजही सुटते. कापसावर औषध मारण्याचा विचारही करू नये. झोपण्याची खोली वेगळी ठेवावी आणि माल लवकर हलवावा.

झोपायच्या खोलीत धान्याच्या गोळ्या

धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या, ज्यांना गावात सेल्फॉस किंवा सल्फास म्हणतात, त्या सामान्य माणसाला विकण्याची परवानगीच नाही. तरीही त्या मिळतात आणि कापडात बांधून पोत्यात ठेवल्या जातात. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या ओलाव्यामुळे सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू निघतो, तो फटींतून शेजारच्या खोलीत पसरतो आणि त्यावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे. मात्र वास येत नाही म्हणून धोका नाही असे समजू नये. गोळीवर पाणी ओतू नये, त्याने वायू झपाट्याने सुटतो.

धान्याला कीड लागते ती ओलाव्यामुळे आणि जुन्या साठ्यामुळे. नवी ज्वारी किंवा गहू भरण्याआधी कोठी रिकामी करून कोपऱ्यांतले जुने दाणे काढावेत, पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. दाताखाली दाणा कट्‌कन तुटेपर्यंत धान्य वाळवावे आणि पूर्ण गार झाल्यावरच भरावे. गरम धान्य बंद केले तर आत घाम धरतो. तूर, मूग आणि हरभरा यांचे गणित वेगळे आहे. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, त्यामुळे कोठी कितीही स्वच्छ असली तरी कीड दाण्यासोबत आत येते. अख्ख्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती अंडीच असतात. वर्षभराची तूर अख्खी ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवणे शहाणपणाचे, कारण भरडलेल्या डाळीला भुंगेरा फारसा लागत नाही. अख्खे ठेवायचेच असेल तर किलोमागे एक छोटा चमचा खाद्यतेल चोळून, काठोकाठ भरलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे आणि रोजच्या वापरासाठी लहान डबा वेगळा काढावा.

उंदराला पहिल्याच दिवशी विष

सोयाबीन निघाले की उंदीर शेतातून घराकडे वळतात. पहिल्याच दिवशी झिंक फॉस्फाईड घातलेले आमिष ठेवले, तर उंदीर थोडे चाखून आजारी पडतो, वाचतो आणि पुढे कित्येक दिवस त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून दोन-तीन दिवस बिनविषारी भरड तेल लावून ठेवावी, उंदीर निर्धास्त खाऊ लागले की मगच विष मिसळावे, आणि तेही हातमोजे घालून, काठीने. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी उंदीर चार दिवसांनंतर मरतात. दुसऱ्या दिवशी मेलेला उंदीर दिसला नाही म्हणून औषध बोगस ठरवणे आणि त्यात दुसरे विष मिसळणे ही नेहमीची चूक आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, कारण चुकून पोटात गेली तर माणूस आधी बरा वाटतो आणि नंतर यकृत निकामी होते. मेलेले उंदीर खोल पुरावेत, नाहीतर मांजर आणि घुबड, म्हणजे आपले खरे राखणदार, त्यांना खाऊन मरतात. बोटभर रुंदीची फटही उंदराला पुरते. ती सिमेंट आणि काचेने बुजवल्याशिवाय कोणतेही विष टिकाऊ उपाय ठरत नाही.

कूलर, नाली आणि अंगण

डेंगूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करण्यास सांगितले जाते. पण विदर्भात खरा अड्डा कूलर असतो. मृग लागल्यावर कूलर तसाच कोपऱ्यात सरकवला जातो, आणि पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहून पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरताच फुटतात. पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टाकीच्या कडा ब्रशने घासून घ्याव्यात आणि जुने गवत जाळून टाकावे. पूर्व विदर्भात हत्तीरोग पसरवणारा डास मात्र घाण पाण्यात वाढतो, त्याच्यासाठी संडासाच्या टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी.

अंगणातल्या उंच गवतात आणि कुटाराच्या ढिगाजवळ उंदरांसोबत चिगर माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात. त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो, ज्याचे रुग्ण 2018 मध्ये नागपूर भागात मोठ्या संख्येने आढळले होते. ताप आणि अंगावर कुठेही जळल्यासारखी काळी खपली असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी. साप हाकलण्यासाठी फिनेल शिंपडणे व्यर्थ आहे, कारण साप उंदरामागे आणि बेडकामागे येतो. कुटार घराच्या भिंतीपासून दूर रचावे, गवत पोळ्याच्या आधी आणि नंतर पुन्हा कापावे, आणि पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. रात्री झोपेत चावणाऱ्या मण्यारपासूनही तिनेच बचाव होतो.