श्रद्धा कामाच्या टेबलापर्यंत कशी आणायची

मी हिशेब विभागात काम करते आणि देव मानते. माझे काही सहकारी मानत नाहीत, आणि बिलं मात्र दोघांचीही तेवढ्याच बारकाईने तपासावी लागतात. श्रद्धा असली की माणूस कामात आपोआप सचोटीने वागतो, असं मला वाटत नाही. वागू शकतो, पण त्यासाठी तयारी करावी लागते.

आधी आपला धर्म कामाबद्दल नेमकं काय सांगतो ते शोधा. ‘खरं वागा’ एवढ्यावर थांबू नका, त्यात हवं ते बसवता येतं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नये असं स्पष्ट म्हटलंय. कुराणाची 83वी सूरा मापात मारणाऱ्यांच्या धिक्कारानेच सुरू होते. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात खोटी वजनमापं हा अस्तेय व्रताचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, अतिचार (व्रताला लागणारा दोष) आहे. असं एखादं वचन घ्या आणि समोरच्या कागदाला लावून बघा. मजुरीचं वचन माझ्यापुरतं असं: लहान पुरवठादाराचं मंजूर झालेलं बिल उगाच पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

मग घाईचा बंदोबस्त करा. माझ्या मते सगळं इथेच फसतं. 1973 साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं होतं. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना फार उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यापैकी फक्त 10 टक्के. निम्म्यांचा भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता, पण त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आयुष्य धर्माला वाहायला निघालेल्यांची ही गत, तर महिनाअखेरीला आपली काय होईल?

म्हणून निर्णय निवांतपणी घेऊन ठेवा, वाक्यासकट. ‘व्हाउचरवर मागची तारीख टाक’ असं कुणी डोक्यावर उभं राहून म्हणालं, तर माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘आजचीच टाकते, उशिराचं कारण शेऱ्यात लिहू.’ आणि तुम्ही साहेब असाल तर लोकांना मुदत देतानाच विचार करा. अशक्य मुदत मिळाली की चांगली माणसंही आकडे वाकवतात.

उपासनेची जमा दाखवून कामातला खर्च तिच्यात वळता करू नका. भरपूर दान देणारा माणूस हाताखालच्याचा ओव्हरटाइम बुडवत असेल, तर त्या दानातले काही पैसे त्या कामगाराचेच आहेत.

कुणाला नकार देताना देवाचं नाव घेऊ नका. नियम काय आहे आणि नुकसान कुणाचं होणार ते सांगा. न मानणाऱ्यालाही ते पटतं, आणि त्याच्या सचोटीवर अविश्वास दाखवल्यासारखंही होत नाही.

शेवटचं नेमणुका आणि बढत्यांचं. आपल्या धर्माचा, आपल्या पंथाचा माणूस आपल्याला नकळत जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्यात काही वावगं आहे असं श्रद्धाळू माणसाला जाणवतही नाही. निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढा. नावं झाकून गुण द्या आणि ते दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या, शक्यतो वेगळ्या श्रद्धेच्या माणसाला.