लहान घरात लाकडाची शेगडी बसवण्याआधीची तयारी

घर उबदार ठेवण्यासाठी लाकडावर चालणारी शेगडी बसवायचे ठरले, की बहुतेक लोक आधी शेगडी पसंत करतात आणि ती घरात आल्यावर तिच्यासाठी जागा व धुराड्यासाठी वाट शोधू लागतात. लहान घरात हा क्रम फार महागात पडतो, कारण तिथे शेगडी वीतभर इकडे किंवा तिकडे सरकवायलाही मोकळी जागा नसते. म्हणून आधी धुराड्याचा मार्ग, मग भिंती व जमिनीपासूनची अंतरे, त्यानंतर हवेची सोय आणि सरपण, आणि या साऱ्यांत बसेल अशी शेगडी सर्वांत शेवटी, असा क्रम या यादीत ठेवला आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी पहिल्या आठवड्यातच उरकून घ्यावे. आपल्या भागातील बांधकाम नियमांत घनइंधनावरील शेगडीसाठी परवानगी आणि तपासणी लागते का, धुराबाबत काही बंधन आहे का, हे संबंधित कार्यालयात विचारावे. घराचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून तिचे लेखी उत्तर जपून ठेवावे. घर चाकांवरचे किंवा कारखान्यात तयार झालेले असेल, तर खास त्या प्रकारच्या घरासाठी मान्यता असलेलीच शेगडी चालते, हेही याच वेळी तपासावे.

जागा निवडताना उष्णतेचा विचार आणि धुराड्याचा विचार बहुधा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. घराच्या मध्याजवळ ठेवलेल्या शेगडीची ऊब सर्व बाजूंना सारखी पसरते, आणि तिच्या वरून सरळ छतातून जाणारे धुराडे बराच भाग घराच्या आतून जात असल्यामुळे गरम राहते. गरम धुराडे धूर जोरात वर ओढते. बाहेरच्या भिंतीला लावलेले धुराडे मात्र थंडीत गारठते, आणि शेगडी पेटवताना त्यातील थंड, जड हवा खाली येऊन धूर खोलीत ढकलते. जागा नक्की करण्यापूर्वी छतापासून ओळंबा सोडावा. शेगडीच्या धूरमुखाचा मध्य जिथे येणार त्या बिंदूच्या बरोबर वर तुळई, वासा, विजेची तार किंवा पाण्याचा नळ येतो का, हे माळ्यावर चढून प्रत्यक्ष पाहावे. छताची तुळई कापण्यापेक्षा शेगडी थोडी सरकवणे केव्हाही बरे, आणि ते कागदावर असतानाच सरकवता येते. झोपण्याच्या खोलीत शेगडी ठेवू नये; अनेक नियमांत त्याला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दारे कोणत्या बाजूला उघडतात, पडदे कुठवर लोंबतात आणि घरातल्यांचा येण्या-जाण्याचा रस्ता कुठून जातो, याची खूण जमिनीवर खडूने करून ठेवावी.

आता धुराडे. शेगडीचा जोर शेगडीत नसून धुराड्यात असतो, असे म्हटले तरी चालेल, कारण गरम धूर वर चढताना निर्माण होणारी ओढच खालून ताजी हवा आत खेचते. धूरमुखापासून वरच्या टोकापर्यंत एकूण उंची साधारण 4.5 मीटरच्या खाली जाऊ देऊ नये. छतातून जिथे धुराडे बाहेर पडते तिथून ते किमान 90 सेंटिमीटर वर असावे, आणि 3 मीटरच्या परिसरात छताचा जो भाग किंवा जी भिंत सर्वांत उंच असेल तिच्याहूनही किमान 60 सेंटिमीटर वर जावे; नाहीतर वारा छतावरून उलटून धुराड्यात शिरतो. नळीचा व्यास शेगडीच्या धूरमुखाच्या व्यासापेक्षा कमी नसावा, आणि उगाच फार मोठाही नसावा, कारण रुंद नळीत धूर रेंगाळतो आणि थंड होतो. वळणे टाळता येत नसतील तर ती 45 अंशांची ठेवावीत. आडवी नळी शक्य तितकी आखूड ठेवून तिला शेगडीपासून वरच्या दिशेने चढ द्यावा. प्रत्येक शेगडीला स्वतंत्र धुराडे हवे; गॅसच्या उपकरणाच्या नळीत तिची नळी जोडणे धोक्याचे आहे.

नळ्यांच्या जोडणीतील एक बारकावा अनुभवी कारागिरालाही आवर्जून सांगावा लागतो. प्रत्येक नळीचे एक टोक चुण्या पाडून निमुळते केलेले असते, ते खालच्या बाजूला, म्हणजे शेगडीकडे, यायला हवे. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण धूर वर जातो तर वरचे टोक आत शिरलेले असावे असे मनाला वाटते. परंतु धुरातील पाणी आणि डांबरासारखा क्रिओसोट नळीच्या आतल्या बाजूने खाली ओघळतो, आणि निमुळते टोक खाली असले तरच तो नळीच्या आतच राहून शेगडीत परत जातो व जळतो. टोके उलटी बसवली, तर काही आठवड्यांतच प्रत्येक सांध्यातून काळे, उग्र वासाचे ओघळ बाहेर येताना दिसतात. प्रत्येक सांधा तीन स्क्रूंनी पक्का करावा.

एकेरी पत्र्याची नळी फक्त शेगडी ज्या खोलीत आहे तिथेच, उघड्यावर वापरावी. छत, माळा आणि छप्पर यांतून जाणारा भाग दुहेरी भिंतीचा, उष्णतारोधक आणि लाकडाच्या धुरासाठी प्रमाणित असलाच पाहिजे. या धुराड्याभोवती उत्पादकाने सांगितलेली पोकळी, बहुधा 5 सेंटिमीटरची, रिकामी ठेवायची असते. माळ्यावर काचलोकरीचा थर असेल तर तो या पोकळीत घुसू नये म्हणून पत्र्याचे संरक्षक कडे बसवावे. थंडी आत येते म्हणून ही पोकळी भरून टाकण्याचा मोह होतो, पण तिच्यातून खेळणारी हवाच शेजारचे लाकूड थंड ठेवते. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. छपरावर धुराड्याभोवतीच्या पत्र्याची वरची कड कौलांच्या खाली आणि खालची कड कौलांच्या वर यावी, म्हणजे पावसाचे पाणी आपोआप बाहेर जाते.

भिंतीपासूनच्या अंतराबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून इथे घाई करू नये. शेगडीवर प्रमाणित अंतरांची पट्टी असेल तर त्या पट्टीवरचे आकडे अंतिम समजावेत. अशी पट्टी नसलेली जुनी शेगडी असेल तर जळू शकणाऱ्या प्रत्येक वस्तूपासून साधारण 90 सेंटिमीटर, आणि तिच्या एकेरी नळीपासून साधारण 45 सेंटिमीटर अंतर धरले जाते. लहान घरात एवढी जागा बहुधा मिळत नाही, आणि म्हणूनच अशा घरासाठी जुनी, अप्रमाणित शेगडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिप्समच्या पाट्यांनी मढवलेली भिंत पेट घेत नाही, पण पाटीमागचा लाकडी सांगाडा तापतोच; तेव्हा अंतर मोजताना अशी भिंत जळणारीच धरायची. लाकडी भिंतीवर थेट चिकटवलेल्या फरश्या किंवा विटांचा पातळ थरही काही वाचवत नाही, कारण उष्णता त्यातून जशीच्या तशी आरपार जाते. अंतर खरोखर कमी करायचे असेल तर पत्र्याचा किंवा सिमेंटच्या पाटीचा आडोसा भिंतीपासून 25 मिलिमीटर पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर उभा करावा आणि त्याच्या खाली व वर फट मोकळी सोडावी, म्हणजे मागून हवा सतत वर वाहत राहते. अशा आडोशाने किती अंतर कमी करता येते हे नियमांत आणि शेगडीच्या पुस्तिकेत दिलेले असते; अंदाजाने ठरवू नये.

शेगडीखालच्या जमिनीला दोन प्रश्न विचारावेत: ती वजन पेलेल का, आणि ती पेटेल का. छोट्या शेगडीचेही वजन 80 ते 150 किलोपर्यंत जाते, त्यात दगडी चौथरा आणि वरच्या धुराड्याचा भार मिळवावा लागतो. जमीन लाकडी असेल तर खालच्या तुळयांची तपासणी करून गरज पडल्यास आधार वाढवावा. चौथरा न जळणाऱ्या सामानाचा असावा आणि दाराच्या बाजूला तो शेगडीच्या पुढे साधारण 45 सेंटिमीटर यावा, कारण दार उघडताच उडणाऱ्या ठिणग्या आणि घरंगळणारे निखारे तिथेच पडतात. काही शेगड्यांना खाली नुसता पत्रा पुरतो, काहींना जाड उष्णतारोधक थर लागतो. हा फरक पुस्तिकेतच कळतो.

हवेकडे दुर्लक्ष होते, कारण ती दिसत नाही. एक किलो लाकूड जळायला प्रत्यक्षात सुमारे 10 घनमीटर हवा खर्च होते. जुन्या, फटी असलेल्या घरात ती कुठूनही येते, पण नव्या, घट्ट बांधलेल्या लहान घरात स्वयंपाकघरातला पंखा सुरू झाला की तो धुराड्यातूनच हवा खाली ओढू लागतो आणि तिच्याबरोबर धूर व कार्बन मोनॉक्साइड घरात येतात. अशा घरात बाहेरून थेट शेगडीला हवा पोहोचवणारी नळी जोडता येईल अशीच शेगडी निवडावी. काम पूर्ण झाल्यावर घरातले सर्व पंखे चालू करून, दारे-खिडक्या लावून, एक छोटा जाळ पेटवून पाहणे ही तपासणी यादीत नक्की लिहून ठेवावी.

एवढे ठरल्यावरच शेगडीचा आकार ठरवायचा. साधारण उष्णतारोधन असलेल्या खोलीत दर 14 घनमीटरला 1 किलोवॉट हा ढोबळ हिशोब बरा उतरतो. 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि 2.5 मीटर उंच खोली 50 घनमीटरची होते, म्हणजे तिला साडेतीन-चार किलोवॉटची शेगडी पुरे; भिंती आणि छत चांगले झाकलेले असतील तर त्याहूनही कमी. थोडी मोठी घेऊन हवा कमी करून चालवू, हा विचार चुकीचा आहे. हवा दाबून ठेवलेली शेगडी नीट जळत नाही, धुमसते. तिचा थंड धूर धुराड्यात क्रिओसोट साचवतो, आणि धुराड्यात आग लागते ती याच थराला. लहान शेगडी भरपूर हवेवर लख्ख जाळाने चालवणे हेच घराच्या आणि शेजाऱ्यांच्याही हिताचे आहे. ओतीव लोखंडाची शेगडी उशिरा तापते आणि उशिरा निवते, पोलादी पत्र्याची लवकर तापते. थोड्या वेळासाठीच घरी असणाऱ्यांना दुसरी सोयीची. शेगडी वापरलेली असेल तर दाराच्या कडेला असलेल्या दोरीच्या पॅकिंगची परीक्षा घ्यावी: कागदाची पट्टी दारात धरून दार पक्के लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज सरकून बाहेर आली तर त्या जागी पॅकिंग दबलेले आहे. कडेने फिरत पाच-सहा ठिकाणी असे पाहिले की पुरेसे होते.

सरपणाची तयारी शेगडीच्या एक वर्ष आधी, कठीण जातीच्या लाकडासाठी दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी, आणि नेमकी हीच गोष्ट सर्वांत उशिरा आठवते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. शेगडीसाठी ते 20 टक्क्यांच्या खाली यायला हवे. ओल्या लाकडातील ते पाणी वाफ होण्यात उष्णता खर्च होते, जाळ थंड पडतो आणि पुन्हा क्रिओसोटच वाढतो. ओंडके तसेच न ठेवता फाळून ठेवावेत, कारण साल पाणी अडवते आणि फाळलेली बाजू ते सोडते. रास जमिनीपासून उचललेली, वरून झाकलेली आणि बाजूंनी उघडी असावी. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर लाकूड वाळण्याऐवजी कुबट होते. ओलावा मोजताना बाहेरचा आकडा विश्वासार्ह नसतो; एक लाकूड नव्याने फाळून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मापकाच्या सुया टोचाव्यात. किती सरपण लागेल याचाही हिशोब करता येतो: वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे 4 किलोवॉट-तास उष्णता असते आणि चांगली शेगडी तिच्यातील सुमारे तीन-चतुर्थांश खोलीला देते. 4 किलोवॉटची शेगडी दिवसाला आठ तास चालली तर 32 किलोवॉट-तास, म्हणजे रोज जवळजवळ 11 किलो लाकूड. चार महिन्यांच्या थंडीला हे 1,300 किलोच्या आसपास जाते, आणि तेवढी रास ठेवायला अंगणात जागा आहे का, हे आजच पाहिलेले बरे. रंगवलेले, औषध लावलेले लाकूड आणि प्लायवूड सरपणात मुळीच घेऊ नये. त्यांच्या धुरात आणि राखेत विषारी द्रव्ये उतरतात.

पहिल्या पेटवणीपूर्वी घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडीच्या खोलीत, तिच्यापासून एक ते तीन मीटरवर, आणि धुराचा अलार्म वेगळा लावलेला असावा. या वायूला रंग नाही आणि वास नाही, त्यामुळे नाकावर विसंबून चालत नाही. राखेसाठी घट्ट झाकणाचे धातूचे भांडे घ्यावे आणि ते घराबाहेर, लाकडी ओट्यावर नव्हे तर दगडावर किंवा मातीवर ठेवावे. राखेत दबलेला निखारा काही दिवससुद्धा जिवंत राहतो. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे, जाड हातमोजे आणि लहान मुले असल्यास शेगडीभोवती कठडा, हेही आधीच आणून ठेवावे. धुराड्यात आग लागली, म्हणजे घोंघावण्याचा आवाज आणि टोकातून ज्वाळा आल्या, तर हवेची झडप बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे, हे घरातील प्रत्येकाला तोंडी सांगून ठेवावे.

नव्या शेगडीचा रंग आणि आतील विटा एकदम मोठ्या जाळाने तापवू नयेत. पहिले दोन-तीन जाळ लहान ठेवावेत, प्रत्येकानंतर शेगडी पूर्ण निवू द्यावी आणि रंग पक्का होताना वास येतो म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याच वेळी आडोशामागे आणि छताजवळ हाताने गरमपणा तपासावा. हात टेकवता येणार नाही इतके काही तापत असेल तर शेगडी थांबवून अंतर पुन्हा मोजावे. महिनाभर वापर झाल्यावर धुराड्यात आरसा किंवा कॅमेरा घालून थर किती जमला ते पाहावे, आणि तो 3 मिलिमीटर भरला असेल तर वर्षाची वाट न पाहता ब्रशने साफ करून घ्यावे.