लिहिणं अडलं की आधी तोंडाने सांगा

२०२४च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तीन दिवस मांडवात बसून होते. त्याच महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, आखाजीवर, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेवर, लेख द्या म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. आईच्या हातचे खापरावरचे मांडे, लिंबाला बांधलेले झोके, माहेरपणाला आलेल्या आत्या, सगळं डोळ्यांसमोर होतं. बसलं की लिहून होईल, असंच वाटलं.

ऑगस्ट उजाडला तरी वहीत एकच वाक्य होतं. ‘अक्षय्य तृतीया हा खानदेशातील एक महत्त्वाचा सण आहे.’ हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा खोडलं. पहाटे पाचला उठून बसायचे आणि सातला चहा ठेवायला उठायचे, तेव्हा पान तसंच असायचं. रात्री झोप लागेना. एकदा तर संपादकांचा फोन वाजत राहिला आणि मी तो उचलला नाही.

लेख शेवटी झाला. तो कसा झाला ते इथे सांगते. नंतर हाच मार्ग मी आमच्या वाचनालयात रविवारी जमणाऱ्या लिहित्या मंडळींना सांगितला आणि बऱ्याच जणांचं अडलेलं सुटलं, म्हणून इतक्या खात्रीने सांगते आहे.

पहिलं काम हे, की वही मिटा आणि जे लिहायचंय ते कुणाला तरी सांगा. मी पारोळ्याच्या मावशीला फोन लावला. तिचं वय ऐंशीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. मी माझ्या लेखाचं ते पहिलं वाक्य तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काय सांगी राह्यनी वं तू? आसं कोन बोलस?” मग मी वही बाजूला ठेवली आणि आईच्या मांड्यांचं सांगायला लागले. मी थांबले की ती विचारायची, “मंग काय व्हयनं?” पाऊण तास गेला. फोन ठेवला तेव्हा सहा महिने जे कागदावर उतरत नव्हतं ते सगळं बोलून झालं होतं.

या एका गोष्टीतून दोन गोष्टी कळतात. तुम्हाला तोंडाने सांगता येत असेल, तर तुमच्याकडे मजकूर आहे आणि अडलंय ते भाषेपाशी किंवा भीतीपाशी. तोंडानेही सांगता येत नसेल, तर तुम्हाला त्या विषयाची अजून पुरती माहिती नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ही तपासणी न करता नुसतं टेबलापाशी बसून राहण्यात माझे सहा महिने गेले.

खानदेशच्या मातीत हे नवं नाही. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्यांना गाणी सुचत, घरातल्या माणसांनी ती उतरवून घेतली, आणि त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. आज घराघरात वाचली जाणारी ती प्रवचनं आधी बोलली गेली, मग कागदावर आली. तुमच्याजवळ उतरवून घेणारे गुरुजी नसतील, पण फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे. ती वापरा. मावशीला विचारून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि शेजारच्या पोराच्या मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

ऐकणारं माणूस मात्र नीट निवडा. स्वतः लिहिणारी मैत्रीण नको, ती मध्येच ‘हे छान आहे, असंच लिही’ म्हणते आणि आपण छान बोलायच्या मागे लागतो. ज्याला पुढे काय झालं याची खरी उत्सुकता आहे असं माणूस हवं. नातवंड चालेल, दुधाचा रतीब घालणारे भाऊ चालतील. अगदी कुणीच नसेल तर त्या माणसाचं नाव वर लिहून पत्र लिहायला घ्या. ‘ती. मावशीस, सा. न.’ एवढं लिहिलं तरी हात सैल होतो.

आता भाषेचं. हे मला सगळ्यात जवळचं आहे. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि ‘महत्त्वाचा सण आहे’ छापाचे निबंध मुलांकडून पाठ करून घेतले. वर्गात पोरं अहिराणीत बोलली की मी त्यांना दुरुस्त करायचे. तेच माझ्या हातात बसलं होतं. संमेलनात थोरामोठ्यांची भाषणं ऐकून आल्यावर तर मला माझं बोलणं कागदावर ठेवायची लाजच वाटायला लागली. आपल्याकडे पुष्कळांचं लिहिणं इथेच अडतं, असं माझं ठाम मत आहे. घरात अहिराणी, तावडी, लेवा बोली, आणि वही उघडली की आपण पाहुण्यांसारखे बोलायला लागतो. म्हणून पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहा. ‘वावर’ मनात आलं तर वावरच लिहा, शेत करू नका. रेकॉर्डिंग ऐकत जसंच्या तसं उतरवा, त्या दिवशी एकही शब्द सुधारू नका. प्रमाण भाषेत काय न्यायचं आणि काय बोलीत ठेवायचं ते आठवड्याने ठरवता येतं.

खर्डा चांगल्या वहीत लिहू नका, पाठकोरे कागद घ्या. मी जुन्या चाचणीपत्रिकांच्या मागे लिहिते. नवी वही आणली की अक्षर चांगलं काढावंसं वाटतं आणि वाक्यही.

सुरुवातीपासून सुरुवात करायची नाही, हेही ठरवून टाका. माझा लेख शेवटी आईच्या हातांपासून सुरू झाला. सपिटाची कणीक ती इतकी मळायची की ताणली तरी तुटू नये. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या, जरा लाटायचं आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायचा. चुलीवर पालथं घातलेलं खापर तापलेलं असायचं. ती मांडा त्यावर सोडायची तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही. एवढं लिहिलं आणि त्याच्या मागोमाग झोके आले, आत्या आल्या, आमरस आला. सणाची माहिती सांगणारं वाक्य शेवटपर्यंत लागलंच नाही.

तुमच्या विषयातही अशी एक जागा असते, जिथे हात काहीतरी करत असतात. आमच्या बैठकीला एक निवृत्त एसटी वाहक येतात. त्यांना मुक्कामी गाडीवर लिहायचं होतं आणि ‘एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी’ याच्या पुढे गाडी जाईना. मी त्यांना विचारलं, रात्री झोपायचात कुठे? म्हणाले, गाडीतच, मागच्या लांब सीटवर. रोकड? म्हणाले, पिशवी डोक्याखाली, पट्टा मनगटाला गुंडाळून, आणि तिकिटांची पेटी पोटाशी. मी म्हटलं, हेच लिहा, पट्ट्यापासून. पुढच्या रविवारी त्यांनी सात पानं आणली.

तोंडानेही सांगता येत नाही, असं ज्यांचं होतं त्यांनी लिहायचं थांबवून विचारायला निघावं. मला झोक्यांची गाणी अर्धीच आठवत होती, गहू आदल्या दिवशी ओलवायचे की दोन दिवस आधी हेही ठाऊक नव्हतं. त्या जागी माझी लेखणी दर वेळी अडायची आणि मी त्याला प्रतिभेचा दोष समजत होते. वहिनीला दोन प्रश्न विचारले आणि ते पान झालं.

रोजच्या बसण्याबद्दल थोडंसंच. वीस मिनिटं पुरतात, पण वेळ तीच ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात दहानंतर डोकं चालत नाही, म्हणून मी पहाटेची धरते. आणि हात चालत असतानाच उठा, वाक्य अर्धं सोडून. दुसऱ्या दिवशी ते पुरं करायला बसलं की पुढचं आपोआप येतं. अडलेल्या दिवसांत आवडत्या लेखकाचं पान वाचून बसू नका, त्यांचा आवाज कानात राहतो आणि आपला ऐकू येत नाही.

घरात मृत्यू झाला असेल, मोठं आजारपण असेल, तर मात्र हे काहीही करू नका. आमचे हे गेले त्या वर्षी मी तारीख, ऊन किती होतं आणि कोण भेटायला आलं एवढंच रोज एका ओळीत लिहिलं. तेवढं पुरेसं होतं.

लेख पाठवण्याआधी मी तो मावशीला पारोळ्याला जाऊन वाचून दाखवला. हे शेवटचं काम चुकवू नका, ज्याला सांगितलं त्यालाच मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तुमची जीभ अडखळते त्या वाक्याखाली रेघ मारा, ती वाक्यं बहुतेक उसनी असतात. माझ्या लेखात अशी नऊ निघाली. मावशीने सगळं डोळे मिटून ऐकलं आणि एकच चूक काढली. आई मांडा खापरावर सोडायची तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही असं मी लिहिलं होतं. मावशी म्हणाली, आई स्वतः बोलायची, अगदी हळू, मांड्याशीच, फाटू नको म्हणून. हे मला कधीच ऐकू आलं नव्हतं, मी तेव्हा चुलीपासून लांब बसायचे. तिथेच, तिच्या ओट्यावर बसून, मी ते वाक्य बदललं.